सुई घंटागाडीत टाकू नका जी

फुलचूरला आमच्या गल्लीत घंटागाडी सकाळी साडेसातला येते. गाडीवरच्या बाई प्रत्येक घरचा डबा घेतात, गाडीत पालथा करतात, आणि ओलं-सुकं एकात एक असेल तर हातानेच निवडून बाजूला करतात. हातमोजे मिळालेले आहेत, पण उन्हाळ्यात ते आतून घामाने चिकटतात, मग कमरेला खोचले जातात. दोन वर्षांमागे अशाच एका सकाळी त्यांनी आमचा डबा पालथा केला, चहाचा चोथा बोटांनी सारला आणि एकदम हात झटकला. तर्जनीच्या पेरावर रक्ताचा एक थेंब, मोहरीएवढा. त्यांनी बोट तोंडात घातलं, पदराला पुसलं आणि पुढच्या घराकडे वळल्या. ‘काही नाही जी, टोचलं काहीतरी.’

ते काहीतरी मी चोथ्यात शोधलं. आईच्या इन्सुलिन पेनची सुई होती, चार मिलिमीटरची, टोपण नसलेली. हातात धरली तरी नीट दिसत नव्हती, उन्हात तिरपी केली तेव्हा चमकली.

आई नऊ वर्षांपासून दिवसातून दोनदा इन्सुलिन घेते. दर वेळी नवी सुई लावली तर वर्षाला ७३० होतात. आम्ही काटकसर म्हणून एक सुई दोन-तीन दिवस चालवायचो (तेही चूकच), तरी त्या दिवसापर्यंत हजाराच्या आसपास सुया मी माझ्या हाताने त्या डब्यात टाकल्या असतील. घरात रोज पेपर येतो, बातम्या वाचून मी चौकात चार माणसांना शहाणपण सांगतो, आणि या सुया पुढे कोणाच्या हातात जातात हा प्रश्न तोवर एकदाही मला पडला नव्हता. म्हणून फुलचूर, फुलचूरपेठ आणि गोंदियाला लागून असलेल्या सगळ्या वस्त्यांतल्या लोकांना हे लिहितो आहे. माझ्यासारखे घरोघरी असणार. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात मधुमेहाचे दहा कोटींहून जास्त लोक असल्याचा अंदाज निघाला. सगळे इन्सुलिन घेत नाहीत. पण जे घेतात त्यांचा दवाखाना म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा, आणि त्या दवाखान्याचा कचरा घंटागाडीत जातो.

आधी टोचल्यावर काय करायचं ते सांगतो, कारण त्या दिवशी मलाही नीट माहीत नव्हतं. बोट तोंडात घालायचं नाही. दाबून रक्त काढायचं नाही. जखमेवर ब्लीच, फिनाइल असलं काही ओतायचं नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली बोट धरायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. उद्या बघू, सुजलं तर बघू, असं करायचं नाही. एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या लागतील की नाही हे डॉक्टर ठरवतात, पण लागल्याच तर त्या दोन तासांत सुरू झालेल्या उत्तम, आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरला जात नाही. गोळ्या २८ दिवस घ्याव्या लागतात. शिवाय धनुर्वाताचं इंजेक्शन आणि हिपॅटायटिस बी म्हणजे कावीळ बीची लस. गोंदियात सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, आपण अजून त्याला केटीएसच म्हणतो, तिथे अपघात विभागात जाऊन सरळ सांगायचं की वापरलेली सुई टोचली. सुई कोणाची होती हे माहीत असेल तर तेही सांगायचं.

त्या बाईंना मी स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. सुई आईची होती, आईच्या तपासण्या झालेल्या होत्या, त्यामुळे धनुर्वाताचं इंजेक्शन आणि कावीळ बीच्या लशीचा पहिला डोस यावर निभावलं. परत येताना त्यांनी मागून एवढंच विचारलं, ‘घरी सांगू का नको जी?’ मला काही उत्तर सुचलं नाही.

आता भीती किती धरायची? डॉक्टर मंडळींचा ठोकताळा असा आहे: आजारी माणसाच्या शरीरातून नुकतीच निघालेली सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीन, हिपॅटायटिस सीची शंभरात दोनपर्यंत, आणि लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीची शंभरात तीसपर्यंत. लोक एड्सला घाबरतात, पण सुईच्या बाबतीत घाबरायचं ते कावीळ बीला. तिचा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातसुद्धा, सात दिवस तग धरतो. घंटागाडी रोज येते, म्हणजे डब्यातली सुई कालचीच असते. सात दिवसांच्या आतलीच. आणि ज्यांची उमर आज तीसच्या वर आहे त्यांना लहानपणी ही लस मिळालेली नसते, कारण सरकारी लसीकरणात ती देशभर आली २०११-१२ च्या सुमारास. गाडीवरच्या बहुतेक बाया त्या उमरीच्या वरच्या आहेत.

सुई घंटागाडीतच जाते असंही नाही. मागच्या दारी गोठा असेल तर ती उकिरड्यावर जाते. आपल्याकडे उकिरडा म्हणजे पुढच्या वर्षीच्या बांधीचं खत. उन्हाळ्यात ते शेणखत गाडीत भरून बांधीत पडतं, आणि पाऊस लागला की त्याच चिखलात बाया अनवाणी रोवणीला उतरतात, पऱ्ह्याची जुडी हातात, पाय घोट्याच्या वर रुतलेले. तोवर सुईतला विषाणू मेलेला असतो, हे खरं. पोलाद तसंच असतं. आणि धनुर्वाताचं बीज शेणात आणि मातीत असतंच, त्याला आत शिरायला फक्त भोक लागतं. तणसाच्या ढिगात सुई पडली तर गाय ती निवडून बाजूला काढत नाही, घासाबरोबर ओढते. मग ती पोटात रुतते, कधी पडदा भेदून काळजापर्यंत जाते, जनावर चारा सोडतं, आणि मालक म्हणतो नजर लागली. जनावरांच्या डॉक्टरने घटसर्पाची, फऱ्याची लस टोचून गेल्यावर गोठ्यात सुई राहिली का हे एकदा वाकून पाहत जा. ती माणसाच्या सुईपेक्षा जाडही असते.

तिसरी वाट भंगाराची, आणि ती सगळ्यांत वाईट. २००९ मध्ये गुजरातच्या मोडासा भागात कावीळ बीची साथ उठली आणि डझनांनी माणसं गेली. तपासात निघालं ते हे की वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या जात होत्या, आणि पोलिसांना जुन्या सिरिंजचे साठे गोदामांतून मिळाले. कोणीतरी त्या कचऱ्यातून वेचल्या, कोणीतरी विकत घेतल्या आणि कोणीतरी त्या पुन्हा टोचल्या. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात, बांगरमऊला, एकाच सुईने गावोगाव इंजेक्शन देत फिरणाऱ्या भोंदू डॉक्टरमुळे कित्येकांना एचआयव्ही झाल्याचं उघड झालं. पुढच्याच वर्षी पाकिस्तानात रतोडेरोला हेच झालं, आणि तिथे बळी होती ती शेकड्यांनी लहान मुलं. या सगळ्या ठिकाणी सुई एकदा वापरून झाल्यावरही धडधाकट होती. ती वाकडी, कापलेली, निकामी असती तर पुन्हा कोणाच्या दंडात गेली नसती.

इथे त्या छोट्या यंत्राची गोष्ट येते. तुम्ही ते पाहिलेलं आहे, फक्त लक्ष गेलं नसेल. कोविडच्या लसीकरणाला रांगेत बसला होता तेव्हा नर्सबाईंनी सुई टोचली, काढली, आणि टेबलावरच्या एका डब्याच्या भोकात सिरिंजचं तोंड घालून वरची पकड दाबली. कट्ट असा आवाज आला. सुई डब्यात पडली, उरलेली नळी लाल पिशवीत गेली. १७ जुलै २०२२ रोजी देशाने लशीचे दोनशे कोटी डोस पूर्ण केले, म्हणजे सुयाही जवळपास तेवढ्याच. त्या डब्याला हब कटर म्हणतात. आत सुपारीच्या सरोत्यासारखी पाती असतात, आणि ती सुईला कापत नाहीत, तर सुई ज्या प्लॅस्टिकच्या बुडात बसवलेली असते ते बूडच कापतात. हा फरक महत्त्वाचा आहे. नुसती सुई मध्येच कापली तर खाली टोकदार ठोंब उरतो आणि तोही टोचतो. बूड कापलं की सुई सगळी आत, आणि सिरिंजवर नवी सुई बसवायला जागाच राहत नाही. ती सिरिंज मेली. कटरला वीज लागत नाही, शिकवणी लागत नाही, आणि किंमत काही शे रुपयांतली. डॉक्टरच्या टेबलावरची काच त्याहून महाग असते.

दुसरा प्रकार विजेवरचा, नीडल बर्नर. दोन टोकांच्या मध्ये सुई धरली की तिच्यातून करंट जातो, ती लालबुंद होते आणि पापणी लवायच्या आत वितळून चुरा होऊन खाली पडते. बघायला छान वाटतं. लहान मुलं तर टक लावून बघतात. पण त्याला वीज पाहिजे, ठिणगी उडते म्हणून ऑक्सिजनच्या आणि स्पिरिटच्या जवळ तो चालत नाही, आणि बुडाजवळचा थोडा तुकडा उरू शकतो. शहरातल्या क्लिनिकला ठीक आहे. टोल्यावरच्या अंगणवाडीत, जिथे लसीकरणाच्या दिवशी लाइट असेल की नाही याचा भरवसा नाही, तिथे दाबायचा सरोताच बरा. माझं मत विचाराल तर सगळीकडेच तो बरा.

तेव्हा पहिलं मागणं हे की दवाखान्यात, नर्सिंग होममध्ये, रक्त तपासायच्या लॅबमध्ये, कुठेही इंजेक्शन घेतलं किंवा रक्त दिलं की दोन गोष्टी डोळ्यांनी पाहा. सिरिंजचं पाकीट तुमच्यासमोर फाडलं का, आणि काम झाल्यावर सुई तुमच्यासमोर कापली किंवा पांढऱ्या टणक डब्यात टाकली का. मार्च २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत हेच आहे: धारदार वस्तू पांढऱ्या, सुई आरपार न येऊ देणाऱ्या, न गळणाऱ्या डब्यात. नियम कागदावर आहे, टेबलावर आहे का ते तुम्ही बघा. ‘डॉक्टरसाहेब, सुई कापून टाका जी’ एवढं म्हणायला लाजू नका. साहेब रागावले तर दुसरे साहेब आहेत. सिकलसेलच्या तपासणीला, हिवतापाच्या तपासणीला आशाताई बोट टोचतात ती बारकी लॅन्सेटही यातच आली. आपल्या जिल्ह्यात दोन्ही तपासण्या भरपूर होतात, आणि बोटाला कापूस दाबून घरी जाण्याच्या घाईत लॅन्सेट कुठे पडली ते कोणी बघत नाही.

आणि घरी? घरी हब कटर विकत घ्यायची गरज नाही. इन्सुलिनच्या सिरिंजला सुई पक्की बसवलेली असते, तिथे प्रत्येक हब कटर नीट चालेलच असंही नाही. घराचं यंत्र म्हणजे जाड प्लॅस्टिकची रिकामी बाटली. संडास साफ करायच्या ॲसिडची, फिनाइलची, कपडे धुण्याच्या लिक्विडची, फिरकीचं झाकण असलेली, स्वच्छ धुतलेली. हा गरिबाचा जुगाड वाटत असेल तर सांगतो, खास डबा हाताशी नसेल तेव्हा अमेरिकेची औषध नियंत्रण संस्थासुद्धा तिथल्या लोकांना कपडे धुण्याच्या लिक्विडची जाड बाटलीच वापरायला सांगते. पाण्याची पातळ बाटली नको, ती दाबली की सुई आरपार येते. काचेची नको, फुटते. दुधाची पिशवी, बिस्किटाचा पुडा, मिठाईचा खोका, यांचं तर नावच नको.

बाटलीवर मार्करने मोठ्या अक्षरात ‘वापरलेल्या सुया, उघडू नये’ असं मराठीत आणि हिंदीतही लिहा, आपल्याकडे दोन्ही चालतात. पाऊण बाटलीवर एक रेघ मारा. पेनची सुई काढताना आतलं बारकं टोपण परत बसवायच्या फंदात पडू नका, बोटं तिथेच टोचतात. बाहेरचं मोठं टोपण ओट्यावर उभं ठेवून त्यात पेन घाला, फिरवा, सुई सुटते, ती तशीच बाटलीत. सिरिंज असेल तर टोपण न लावता सुईकडून आत सोडा. दुसऱ्या कोणाला टोचलेल्या सुईला तर दोन्ही हातांनी टोपण कधीच लावू नका. सुई टोचली की तिथल्या तिथे बाटलीत गेली पाहिजे, ‘मग टाकतो’ म्हणून खिडकीत ठेवलेली सुई नातवाला सापडते. बाटली मात्र नातवाच्या हाताला लागणार नाही अशा जागी.

रेघेपर्यंत भरली की झाकण घट्ट, वरून दोन वेढे चिकटपट्टी. आता ती द्यायची कुठे? ज्या डॉक्टरांकडे तपासायला जाता त्यांना विचारा, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, सरकारी रुग्णालयात विचारा. त्यांचा पांढरा डबा न्यायला गाडी येते, त्यात तुमची बाटली जाऊ शकते. पहिल्या ठिकाणी मला नकार मिळाला. दुसऱ्या ठिकाणी सिस्टरांनी बाटली उलटसुलट पाहिली, चिकटपट्टी तपासली आणि म्हणाल्या, ‘असं बांधून आणलं तर आणत जा.’ चुलीत जाळू नका: प्लॅस्टिकचा धूर घरात आणि सुई राखेत, आणि राख भांडी घासायला. संडासात टाकू नका. विहिरीच्या काठाला, परसात पुरू नका.

एक गोष्ट आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे, तीही बोलून टाकतो. ताप आला की आपणच डॉक्टरला म्हणतो, सुई लावून द्या जी, गोळीने काही होत नाही. सुई लावली नाही तर पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. २००२-०३ च्या सुमारास इंडिया-क्लेन या संस्थेने देशभर पाहणी केली तेव्हा दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांपैकी सुमारे ६३ टक्के असुरक्षित निघाली. त्यानंतर बरंच सुधारलं, लसीकरणात एकदाच चालणाऱ्या, पुन्हा दट्ट्या ओढता न येणाऱ्या सिरिंज आल्या. पण जी सुई लागलीच नाही तिची विल्हेवाट लावावी लागत नाही. गोळीने भागत असेल तर गोळी घ्या.

आता ग्रामपंचायतीकडे. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरातल्या वापरलेल्या सुया आणि सिरिंज यांना घरगुती घातक कचरा म्हटलं होतं, वेगळा ठेवायचा, वेगळा द्यायचा. द्यायचा कुठे, हे गावाने ठरवायचं असतं. त्यासाठी फार पैसा लागत नाही. उपकेंद्रात किंवा एखाद्या मेडिकल स्टोअरमध्ये कुलपाचा एक टणक डबा, आणि महिन्यातून एकदा तो रुग्णालयाच्या कचऱ्यात पोचवायची लेखी व्यवस्था. वित्त आयोगाच्या बंधित निधीतला वाटा स्वच्छतेसाठीच येतो, त्यातून हे बसतं. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या कचरा वेचणाऱ्या बायांनी सॅनिटरी पॅडच्या पुडक्यावर लाल ठिपका काढून द्या असं लोकांना सांगितलं, म्हणजे हात लावण्याआधी कळतं. आपणही सुयांच्या बाटलीला लाल ठिपका लावू शकतो, चुकून गाडीत गेलीच तर ओळखू येईल.

आणि घंटागाडीवरच्या सगळ्यांना कावीळ बीच्या लशीचे तीन डोस: पहिला, एका महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. दवाखान्याच्या कर्मचाऱ्यांना ही लस द्यायची असं नियमच सांगतो. गावचा कचरा उचलणाऱ्यांना ती आपण द्यायची. याच्या जोडीला जाड हातमोजे, उन्हाळ्यात घालता येतील असे, आणि ओला कचरा निवडायला लांब दांडीचा चिमटा. ग्रामसभा सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. येत्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे, सोबत यावं. बोलायचं नसेल तर नुसतं बसा, हात वर करायला माणसं लागतात.

त्या बाईंचे तीनही डोस झाले. परवा त्यांनी डबा घेताना थांबून विचारलं, ‘यात काही टोकदार नाही न जी?’ मी आत जाऊन ओट्याखालची बाटली आणून दाखवली. रेघेला अजून दोन बोटं कमी आहेत.